कोंबडा की कोंबडी

मामा : तुझं वाइनवरचं सदर मी न चुकता वाचतो. त्यातलं कळतं म्हणून नव्हे, भाच्याचं नाव छापून येतं म्हणून. गेल्या महिन्यात एका लाल वाइनबद्दल तू लिहिलंस, की तिच्यात ब्लॅकबेरी आहे, कॅसिस आहे आणि शेवटी शेवटी जुन्या चामड्याचा वास येतो. चामडं ठीक आहे, कोल्हापूरकडच्या माणसाला ते शिकवायला नको. पण ब्लॅकबेरी तू कधी खाल्लीस? तुझा वाचक सांगलीचा, नाशिकचा, फार तर ठाण्याचा. त्यानं कुठं खाल्ली असणार? अरे, उपमा देतात ती समोरच्याला चटकन कळावं म्हणून. तुझी उपमा त्यानं गप्प बसावं म्हणून दिल्यासारखी वाटते. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याच जिभेत काही खोट आहे. मग तो दुकानात जाऊन मुकाट बाराशे रुपये मोजतो. गुळाच्या बाजारात असल्या बोलण्याला आमचा एक शब्द होता, तो तुझ्या सदरात छापता यायचा नाही.

भाचा : ब्लॅकबेरी मी एकदाच खाल्ली, मामा. तीही डब्यातून आलेली, फ्रीजमध्ये बसून चव गेलेली. त्यामुळे तुमचा पहिला वार बसला. मी हे काम इंग्रजी पुस्तकांतून शिकलो. परीक्षेत ग्लास समोर येतो, आणि उत्तरात त्यांच्या यादीतले शब्द सापडले तरच गुण मिळतात. काही वर्षं तसं लिहिलं की नाकसुद्धा त्यांच्याच शब्दांत वास घ्यायला लागतं. फ्रान्सच्या वाइनचं मोठं गिऱ्हाईक शतकानुशतकं इंग्रज होतं. माल समजावून सांगताना तिकडच्या लोकांनी आपल्या कुंपणावर उगवणाऱ्या फळांची नावं घेतली. ब्लॅकबेरी म्हणजे काय? काटेरी जाळी, रस्त्याच्या कडेला, पोरांनी हात ओरबाडून घेत तोडायचं आणि तोंड जांभळं करून घरी यायचं. त्यांचं करवंदच की ते! त्यांनी आपलं करवंद लिहिलं; मी माझं सोडून त्यांचं उतरवून काढलं. ही चूक माझी.

पण म्हणून सगळीच भाषा हवेतली आहे असं नाही. कॅबर्ने सोव्हिन्यॉ नावाचं द्राक्ष पुरतं पिकायच्या आत तोडलं, तर त्याच्या वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो. हे काव्य नाही. मिथॉक्सिपायराझिन नावाचं द्रव्य ढोबळी मिरचीत असतं, तेच त्या कच्च्या द्राक्षात असतं, आणि लिटरभर वाइनमध्ये ते ग्रॅमचे काही अब्जांश असलं तरी नाकाला पुरतं. शिराझ नावाच्या द्राक्षाच्या वाइनमध्ये काळी मिरी लागते असं लोक कितीतरी वर्षं लिहीत होते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचं द्रव्य शोधून काढलं, रोटंडोन त्याचं नाव. आणि ते खरोखर काळ्या मिरीतलंच निघालं. म्हणजे नाकानं आधी ओळखलं, प्रयोगशाळेनं नंतर सही केली.

मामा : सही केली तर बरंच झालं. पण मिरी आपल्याकडंही आहे, फोंडा घाट उतरला की झाडाझाडावर वेल चढवलेला असतो. तेवढा एक शब्द तुझा आपल्या वाचकाला पोचला म्हणायचा. बाकीचे?

भाचा : बाकीच्यांसाठी तर मी तुमच्याकडं राधानगरीला येतो. लाल वाइन समजून घ्यायची तर पहिली चव कुठली? तुरट. आपल्याकडं सहा रस मोजले, त्यात कषाय म्हणजे तुरट हा स्वतंत्र रस धरला. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू यांच्या बरोबरीचा. आजचं शास्त्र म्हणतं ती चव नाहीच, तोंड आवळल्याचा स्पर्श आहे. असू दे, शब्द तर आपल्या पोरालाही येतो. तो तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याला इंग्रजीत टॅनिन म्हणतात, आणि तो शब्द आला कातडी कमावण्याच्या धंद्यातून. आपल्याकडं कोल्हापुरी चपलेचं कातडं कशानं कमावतात? हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं. दाजीपूरच्या रानातला हिरडा, कच्चं जांभूळ, चपलेचं कातडं आणि नाशिकची लाल वाइन, ही सगळी एका भावकीतली आहेत. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते, टाळूला चिकटल्यासारखी वाटते, तेच नव्या लाल वाइनमध्ये होतं. पिकलेलं जांभूळ मीठ लावून खाल्लं की तुरटपणा मागं सरतो, तसं काही वर्षं ठेवलेल्या वाइनमध्ये होतं. हे मी लिहायला हवं होतं.

मामा : मग लिही की! कोणी हात धरलाय?

भाचा : संपादक. ते म्हणतात, जांभूळ म्हटलं की वाइन स्वस्त वाटते.

मामा : हे बघ, इथं खरी गाठ आहे. शब्द चवीसाठी नाहीत, भावासाठी आहेत. ते राहू दे क्षणभर. मला आधी सांग, तुझी जीभ रोज तेच बोलते का? तुझ्या सदरात आकडा असतो, ८७, ८९, ९१. आज ८९ म्हटलेली वाइन तुला न सांगता परवा पुन्हा दिली, तर तू ८९ च म्हणशील?

भाचा : मी कसा बसतो ते सांगतो, मग उत्तर देतो. सकाळी अकराला, जेवणाआधी. त्या दिवशी तांबडा रस्सा नाही, अत्तर नाही, कॉफी नाही. बारा बाटल्या कागदी पिशव्यांत गुंडाळलेल्या. पिशव्यांवर आकडे बायको घालते, मला माहीत नसतात. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघायचा, मग वास, मग घोट तोंडात घोळवायचा. जिभेला मोजक्याच चवी कळतात. बाकी सगळं घशाच्या मागच्या वाटेनं नाकात जातं. सर्दी झाली की आमटी सपक लागते ती त्यामुळं. मग घोट पिकदाणीत. मध्ये पाणी आणि कोरे चुरमुरे. बारा झाल्या की उलट्या क्रमानं पुन्हा. कारण पहिल्या वाइनचा दुसरीवर परिणाम होतो. गोड चहानंतर केळं आंबट लागावं तसा.

मामा : थुंकायचे पैसे मिळवणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच.

भाचा : आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. माझ्याच वहीत तीन-चार गुणांचा फरक पडलेला आहे. हे माझ्यापुरतं नाही. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे प्राध्यापक होते, स्वतः वाइन बनवणारे. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसरीत काहीच नाही, हे त्यांना उमगेना. त्यांनी तिथल्या राज्य जत्रेच्या स्पर्धेत परीक्षकांना नकळत एकाच बाटलीतली वाइन तीन-तीनदा दिली. दहातला जेमतेम एक परीक्षक आपल्याच मताशी टिकून राहिला. २००८ साली ते छापून आलं. त्याआधी २००१ साली फ्रान्सच्या बोर्दोमध्ये फ्रेडरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढं पांढरी वाइन ठेवली, तिला बिनवासाचा लाल रंग दिलेला. पोरांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यानं नाकाला शिकवलं. आणि ते रोटंडोन म्हणालो ना, दर पाच माणसांत साधारण एकाला त्याचा वासच येत नाही. त्या एकाला माझी मिरी म्हणजे थापच.

मामा : अरे, मग माझं काम तूच करून ठेवलंस! ही तर कोंबडा-कोंबडी झाली. आठवतं? करवंद हातात घ्यायचं आणि चावायच्या आधी सांगायचं, कोंबडा की कोंबडी. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बाहेरून सगळी काळीच. तुझी आई दहात सात बरोबर सांगायची आणि आम्हाला वाटायचं तिला काही विद्या येते. ती कुठल्या जाळीचं फळ आहे ते लक्षात ठेवायची, बस्स. तुझ्या परीक्षकांपेक्षा तिचा हिशेब चांगला.

भाचा : आईनं जे केलं त्यालाच परीक्षण म्हणतात, मामा. जाळी लक्षात ठेवणं. आठवण आणि तुलना, यापलीकडं माझ्या धंद्यात काही नाही. चार हजार ग्लासांची आठवण असलेला माणूस चारशेची असलेल्यापेक्षा कमी चुकतो. चुकतच नाही असं नाही. आणि झाकून चाखलं तर मोठमोठी नावं गळतात, हाही फायदाच ना? २४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज दुकानदारानं फ्रेंच परीक्षकांना फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून दिल्या. लाल आणि पांढरी, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. फ्रेंचांनी स्वतःच्या जिभेनं दिलेला. नावं दिसत असती तर ते कधी झालं नसतं. उद्या अकलूजची वाइन इटलीच्या वाइनशेजारी झाकून ठेवली तर तिलाही तेवढीच संधी. झाकलेला ग्लास जात विचारत नाही.

मामा : जात विचारत नाही, मान्य. पण चुकला तर भरतो कोण? मी मार्केट यार्डात एका अडत्याकडं ३१ वर्षं दिवाणजी होतो. सकाळी सौदे निघायचे. गुळाच्या रव्यांच्या थप्प्या लागलेल्या. कोपऱ्याचा कण नखानं काढायचा, चिमटीत दाबायचा, दाणा आहे का पाकासारखा चिकटतोय ते बघायचं, मग जिभेवर ठेवायचा. रानाला पाणी खारं असेल, खताचा मारा जास्त झाला असेल, तर गूळ खारट लागतो. काहिलीतून उतरवायला गुळव्याला उशीर झाला असेल तर करपट. हे मी धन्याला सांगायचो आणि धनी त्यावर भाव बोलायचा. माझी जीभ चुकली तर गाडीभर माल अंगावर पडायचा. दोनदा पडला. त्या दोन्ही तारखा मला आजही पाठ आहेत. तुझा आकडा चुकला तर तुझं काय जातं? वाचणाऱ्याचे बाराशे जातात. ज्या जिभेला चुकण्याची किंमत मोजावी लागत नाही, तिच्यावर मी भरवसा का ठेवू?

(मामांचं बोलणं इथं मी बरंच कापलं आहे. त्या दोन तारखांवर ते सुरू झाले की गुऱ्हाळाचं चुलवाण विझून दुसरं आधण चढायची वेळ होते.)

भाचा : हा तुमचा सगळ्यात भारी मुद्दा आहे, आणि यावर मी रात्रभर विचार केलाय. आता मला एक सांगा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इतक्या पारखी जिभा त्या बाजारात, प्रत्येकीमागं रोख पैसा. मग काहिलीत गुळाचा रंग उजळवणारं हायड्रॉस कुठून आलं?

मामा : ...गुजरातेतून आलं म्हण. माल जायचा तिकडं. त्यांना पिवळाधमक गूळ पाहिजे. भेंडीचं पाणी घालून मळी नीट काढली तर गूळ छान निघतो, पण तो तांबूस, कधी काळसर. त्याला भाव कमी. हायड्रॉस टाकलं की सोन्यासारखा. पुढं काही दिवसांनी पुन्हा काळवंडतो, पण तोवर तो विकला गेलेला असतो.

भाचा : आणि तुमच्या जिभेला ते कळत नव्हतं?

मामा : कळत होतं. चांगलं कळत होतं. धनी म्हणायचा, दिवाणजी, चव बरोबर आहे तुमची, पण गिऱ्हाईक डोळ्यानं खातंय.

भाचा : म्हणजे पैसा अडकलेल्या जिभेला खरं कळलं, पण तिनं गप्प बसायचं ठरवलं. मामा, तुम्ही मला ज्या बाजाराचा दाखला देता तिथं चुकण्याची किंमत होती. खरं बोलण्याचीही होती, आणि ती जास्त होती. तेव्हा बाजारात एखादा माणूस असा असता, ज्याचा त्या मालात एक रुपयाही गुंतलेला नाही आणि जो पेपरात लिहितो, की हा काळा गूळ खाऊन बघा, हा पिवळ्यापेक्षा सरस आहे, तर? तुम्हाला तो नको असता?

मामा : पाहिजे होता. तो असता तर त्याला मी घरी जेवायला बोलावला असता. आता तुझी पाळी. तुला जेवायला कोण बोलावतं?

भाचा : ...वायनरीवाले.

मामा : बाटल्या कोण पाठवतं?

भाचा : तेच. महिन्याला तीस-चाळीस येतात. विकत घेऊन चाखायचं म्हटलं तर सदराच्या मानधनात महिन्याला चार बाटल्या बसतात. द्राक्षतोडणीच्या वेळी, जानेवारी ते मार्च, बोलावणं येतं, राहणं-खाणं त्यांचं. मी त्यांच्याविरुद्ध लिहिलेलं आहे, आणि पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही असंही झालेलं आहे.

मामा : म्हणजे तुझाही पैसा गुंतलेला आहे, फक्त तो मालात नाही, मानपानात आहे. माझा धनी मला समोरून गप्प बसवायचा. तुझा धनी तुला वाढतो.

भाचा : यातून वाट काढलेला एक माणूस सांगतो. अमेरिकेतला रॉबर्ट पार्कर, पेशानं वकील. १९७८ साली त्यानं स्वतःचं पत्रक काढलं, जाहिरात न घेता, वाचकांच्या वर्गणीवर. शंभरपैकी गुण द्यायची पद्धत त्यानंच जगभर रूढ केली. मोजणी शून्यापासून नाही, पन्नासापासून.

मामा : पन्नास नुसते बाटली उभी राहिल्याबद्दल? आमच्या शाळेत असतं तर मी पहिला आलो असतो.

भाचा : हसा. पण बोर्दोच्या १९८२ च्या वाइनबद्दल इतर लोक साशंक असताना त्यानं ती थोर म्हटली, आणि त्याचंच खरं ठरलं. कोणाचा मिंधा नसलेला माणूस. पुढं मात्र असं झालं, की त्याला दाट, पिकल्या फळाची, ओकच्या लाकडाचा वास असलेली वाइन आवडते हे सगळ्यांना कळलं. ९० च्या वर गुण मिळाले की माल उचलला जायचा. मग फ्रान्सपासून चिलीपर्यंत लोक त्याच्या जिभेसाठी वाइन बनवायला लागले. त्याला कोणी विकत घेतलं नाही. त्याच्या जिभेनंच जगाची वाइन बदलली. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला.

मामा : म्हणजे तोही गुजरातच झाला की! आमच्याकडं डोळ्यानं खाणारं गिऱ्हाईक, त्यांच्याकडं एका माणसाची जीभ. बनवणारा दोन्हीकडं तिसऱ्याच्या आवडीसाठी काहिलीत काहीतरी टाकतोय.

आणि हे नुसतं चवीपुरतं असतं तरी मी सोडून दिलं असतं. या रस्त्यावर दारूची बातमी कशी येते ठाऊक आहे ना? ‘गोवा बनावटीची दारू पकडली, वाहन जप्त.’ घाट चढून येणारी. तुझ्या मामीच्या माहेरी बायकांनी मतदान घेतलं होतं, उभी बाटली की आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला आणि दुकान बंद झालं. मामीची आई ७५ वर्षांची, दोघांनी धरून नेली होती मतदानाला. तिला तू काय सांगणार आहेस, या वाइनचा शेवट लांबतो आणि पोत मखमली आहे?

भाचा : तिला मी काही सांगणार नाही, मामा. तिला माझ्याकडून ऐकण्यासारखं काही नाही. मला एवढंच म्हणता येईल, की २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत, शंभर चौरस मीटरच्या वरच्या, वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं बोललं गेलं. मी त्या आठवड्यात लिहिलं होतं, की वाइन दारूच आहे. साडेतेरा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला दुसरं नाव देऊन कोणाचं भलं होणार नाही. माझ्याच लोकांनी मला शिव्या घातल्या. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय पुढं कागदावरच राहिला.

पण दुसरी बाजूही ऐका. आपल्या औषधाच्या दुकानात द्राक्षासव मिळतं. ते आंबतं कशानं? धायटीच्या फुलांनी. हीच धायटी, उन्हाळ्यात तुमच्या बांधावर लालभडक फुलते ती. त्यातही अल्कोहोल असतं, बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि आजी दोन चमचे पाण्यातून घेते. द्राक्ष आंबवणं हे काही परक्यांनी आणलेलं पाप नाही. प्रमाण, पद्धत आणि किंमत, यावर सगळं आहे. आणि शेतकऱ्याचं म्हणाल तर २००१ च्या धोरणानंतर विंचूरला, पलूसला वाइन पार्क झाले, ते द्राक्षवाल्याला दुसरी वाट मिळावी म्हणूनच.

मामा : शेतकऱ्याचं नाव काढू नकोस, त्याचं नाव पुढं करून बाकी सगळ्यांनी घोट घेतलेत. २००९-१० ला काय झालं? मंदी आली, वाइन पडून राहिली, आणि नाशिककडं लोकांनी वाइनच्या बागा उपटल्या. तुझंच वाक्य आहे, वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते फळबाजारात कोणी घेत नाही आणि त्याचा बेदाणाही होत नाही. उसाला निदान गुऱ्हाळ, कारखाना, रसवंती अशी तीन दारं. त्या द्राक्षाला एकच दार, आणि त्या दाराच्या किल्ल्या दुसऱ्याकडं. तेव्हा तुमच्या सदरांतून कोणी लिहिलं, की बाबांनो, लावू नका?

भाचा : नाही लिहिलं. आम्ही बाटलीतलं लिहितो. बाटलीच्या अलीकडचं लिहायला लागलो की आम्हाला चवीचा माणूस म्हणत नाहीत.

मामा : तेच तर. चव बाटलीत सुरू होत नाही. गुळाची चव काहिलीत सुरू होत नाही, रानात होते.

भाचा : म्हणून एक विचारायचं होतं, आणि आता विचारायची भीती वाटायला लागलीय. माझा एक मित्र करवंदाच्या वाइनचा प्रयोग करतोय. मधाची वाइन पुण्यात, नाशकात रीतसर बनते आणि विकली जाते; मग करवंद का नको? करवंदाच्या रसात वाइनच्या द्राक्षाइतकी साखर नसते, ती वरून घालावी लागते, आंबटपणा सांभाळावा लागतो. पण मामा, मी ती चाखली. झाकून, पाच ग्लासांत. मला पहिल्यांदाच परीक्षेतलं काही आठवलं नाही. तो चीक, ओठाला चिकटणारा. मागून येणारा तुरटपणा. आणि वळीव पडून गेल्यावर जांभ्या दगडाच्या कातळाला जो वास येतो तो. वहीत पहिल्यांदाच सगळे शब्द मराठीत आले. आकडा घालायचा राहूनच गेला. तो म्हणतो, राधानगरीत छोटी वायनरी टाकू, बायकांकडून किलोवर करवंदं घेऊ, बाटलीवर राधानगरीचं नाव घालू. मी लिहिलं तर पुण्या-मुंबईत ती चालेल.

मामा : चालेलच. तुझं वर्णन ऐकून माझ्यासुद्धा तोंडाला पाणी सुटलं, आणि मी माळकरी माणूस. म्हणून तर मला धास्ती वाटते. आज दाजीपूरच्या रस्त्याला बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. पर्यटक गाडी थांबवतो, द्रोण घेतो, भाव करतो, जातो. दिवसाला किती जाळ्या उतरतात? हाताला जमेल तेवढ्या. उरलेली पाखरं खातात, अस्वल खातं. अभयारण्याच्या हद्दीत तर हात लावायचा नाही. उद्या तुझ्या मित्राला पाच टन लागली की मुकादम येणार. मुकादम आला की जाळी हातानं नाही, कोयत्यानं उतरणार, कच्ची-पिकी एकत्र. आणि पहिल्या वर्षी द्रोणापेक्षा भाव जास्त मिळेल, तिसऱ्या वर्षी तो ठरवेल तेवढा. मग तू सदरात लिहिशील, अलीकडं या वाइनला पूर्वीची चव राहिली नाही.

भाचा : म्हणून न लिहिता बसायचं? मग ती चव राधानगरीतच सडून जाणार, आणि ज्या बाईनं ती तोडली तिला द्रोणामागं चार पैसेच. शाहू महाराजांनी या डोंगरांत चहा-कॉफीचे प्रयोग केले, शाहूपुरीची पेठ वसवली, भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. इथलं पाणी-पीक इथंच पडून राहू नये म्हणूनच ना? तुम्ही म्हणता चव रानात सुरू होते. पण तिचा भाव रानात ठरत नाही, हे तुम्हीच ३१ वर्षं पाहिलंत. कोणीतरी ती चव शब्दांत बाहेर न्यायलाच हवी.

मामा : न्यावी. माझा आक्षेप शब्दाला नाही. शब्द गेला की त्याच्या मागून ट्रक येतो, याला आहे. काळ्या गुळाला बाजू घेणारा माणूस मला पाहिजे होता, हे मी मघाशी कबूल केलंय. ते मागं घेत नाही. आता तर काळ्याला, ज्याला सेंद्रिय म्हणतात, दुकानात भाव आहे. आणि काही महाभागांनी लगेच मुद्दाम काळपट दिसणारा गूळ काढायला सुरुवात केली. बोल! खऱ्याला भाव आला की खऱ्याची नक्कल सुरू. यावर तुझ्या जिभेकडं औषध आहे का?

भाचा : नाही. फार तर मी दरवर्षी पुन्हा चाखू शकतो आणि बदल झाला तर सांगू शकतो.

मामा : ते तरी कर. आणि दोन गोष्टी छाप. आकड्याच्या शेजारी लिही, ही बाटली कोणाच्या पैशाची.

भाचा : ते पुढच्या महिन्यापासून लिहीन. संपादकाशी भांडून लिहीन. दुसरी?

मामा : करवंदाच्या वाइनवर लिहिशील तेव्हा बाटलीच्या किमतीखाली द्रोणाचा भावही लिही. त्या वर्षीचा, रस्त्यावरचा. वाचणाऱ्याला दोन्ही आकडे दिसू देत, मग त्याला घ्यायची तर घेऊ दे.

भाचा : सध्या काय चाललाय द्रोण?

मामा : सध्या कुठला? वळीव तीनदा होऊन गेला, करवंदं संपली. आता पुढच्या वर्षी ये, एप्रिलच्या शेवटी.